अडुसष्ट इंच

"मग अर्धी भिंत वहिनींची, अर्धी हिची! आणि मध्ये हद्दीचा दगड पुरून टाका, म्हणजे झालं!"

हे वाक्य मी इचलकरंजीतल्या एका टाइल्सच्या दुकानात, मे महिन्यातल्या भर दुपारी, सव्वातीन तास उभं राहिल्यावर उच्चारलं. उच्चारलं म्हणजे ओरडलो. दुकानात आणखी दोन कुटुंबं होती. त्यांतली एक बाई बाथरूमच्या टाइल्स बघत होती. तिनं आमच्याकडे वळून पाहिलं, आमचं जास्त रंगतदार आहे असं ठरवलं, आणि एक स्टूल ओढून ती बसलीच.

घरातलं कुणीही दुसरं काहीही बोललं असतं तरी चाललं असतं. पण 'हद्दीचा दगड' हे शब्द आमच्याकडे कुणी काढत नसे, कारण ते शब्द आमच्या वडिलांच्या नोकरीचे होते.

आबा, म्हणजे माझे वडील, चौतीस वर्षं मोजणी खात्यात होते. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की आबा साखळी घेऊन शेतावर जायचे, मोजायचे आणि मधोमध दगड रोवून यायचे. हजारएक भाऊ तरी त्यांनी एकमेकांपासून वेगळे केले असतील, आणि त्याबद्दल सरकार त्यांना पेन्शन देत होतं. स्वतःच्या घरात मात्र दोन मुलगे, दोन सुना आणि एकच ओटा. "माझ्या घरात साखळी येणार नाही," एवढी एकच बढाई ते मारायचे, आणि तीही पाहुणे जेवायला बसले असताना, मोठ्यानं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशी.

त्या वर्षी त्या एका स्वयंपाकघराचं छत आमटीत पडलं. सगळं नाही, एक पोपडा. पण आमटी दादाच्या पानात वाढायची होती, म्हणून नूतनीकरण ताबडतोब मंजूर झालं. जुना कडप्प्याचा ओटा फोडला. ग्रॅनाइट ठरलं, ट्रॉल्या ठरल्या, नवा सिंक ठरला. सगळं एकमतानं. राहिली ओट्यामागची भिंत. तिच्यासाठी आम्ही पाचजण रिक्षातून आलो होतो. दादा, शैलावहिनी, मी, माझी बायको हेमा आणि आबा. मुलं तेव्हा शिकायला बाहेरगावी होती. ती सुटली.

दुकानदार हसमुखभाईंनी काउंटरला दोन टाइल्स टेकवून उभ्या केल्या होत्या. वहिनींनी निवडलेली कॉफीच्या रंगाची, वर बारीक ठिपके, आणि मध्ये मध्ये लावायला चित्राची टाइल. चित्रात द्राक्षांची टोपली, दोन कप आणि वाफा सोडणारी किटली. हेमानं निवडलेली पांढरी. नुसती पांढरी, चकचकीत.

"ही मळखाऊ आहे," वहिनी म्हणाल्या. "चार दिवस पुसली नाही तरी कळत नाही."

"तेच तर, ताई," हेमा म्हणाली. "चार दिवस पुसली नाही हे कळायला नको?"

"कुणी पुसलं नाही चार दिवस?"

"मी नाव घेतलं का तुमचं?"

"नाव कशाला घ्यायला पाहिजे? ओट्यासमोर दिवसभर दुसरं कोण उभं असतं?"

"आणि पहाटे साडेपाचला डबे कोण करतं? भूत?"

हेमा हायस्कुलात शिकवायची. सकाळची शाळा. पहाटेचे डबे तिचे, बाकीचा दिवस वहिनींचा, अशी विभागणी पंधरा वर्षं बिनबोभाट चालली होती. बिनबोभाट चालली होती म्हणजे बोभाटा आतल्या आत साठत होता, हे त्या दुकानात आम्हांला कळलं.

दादानं घसा साफ केला. दादाचं औषधांचं दुकान होतं. कुठलीही गोष्ट तो दिवसातून तीनदा जेवणानंतर घ्यायची असल्यासारखी सांगायचा. "हे बघ हेमा, जी जास्त वेळ तिथं उभी असते तिनं निवडावी. साधी गोष्ट आहे."

"आणि हेमा काय डोळे मिटून डबे करते?" मी म्हणालो.

"बापू, तू मध्ये पडू नको."

"मध्ये तू पडलास. मी कडेलाच होतो."

"पांढरी लावली तर सरकारी दवाखाना होईल घराचा," वहिनी हसमुखभाईंना म्हणाल्या. म्हणजे हेमाला म्हणाल्या.

"आणि ही किटली लावली तर एसटी स्टँड," हेमाही हसमुखभाईंनाच म्हणाली.

हसमुखभाई दोघींकडे बघून दोनदा हसले. एकदा हिच्यासाठी, एकदा तिच्यासाठी. धंदा करावा तर असा.

"आईला असली फुलाफळांचीच आवडली असती," दादा म्हणाला.

इथे माझं डोकं फिरलं. "आईला आणू नको मध्ये! आईनं जन्मभर चुन्याची भिंत बघितली. तो चुना तरी कधी आणलास का तू?"

"तू आणलास?"

"मी लावला! तू शिडी धरायला पण आला नाहीस!"

"आवाज खाली कर. लोक बघताहेत."

"बघू देत!"

स्टुलावरची बाई खरंच बघत होती. आणि त्या भरात मी ते वाक्य ओरडलो. अर्धी भिंत, अर्धी भिंत, मध्ये दगड.

मग हसमुखभाईंचा चेहरा उजळला. "साहेब, आयडिया चांगली आहे हां! ड्युअल टोन. आता पुण्यात सगळे तेच लावतात."

मी चेष्टेत बोललो होतो. चेष्टेत म्हणण्यापेक्षा चिडून, घाण बोलायचं म्हणून बोललो होतो. पण कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा पीत बसलेले आबा कप ठेवून उठले. लोक चष्मा बाळगतात तशी ते खिशात स्टीलची टेप बाळगायचे. खिशातून त्यांनी भिंतीच्या मापाचा कागद काढला.

"भिंत अकरा फूट चार इंच," ते म्हणाले. "म्हणजे एकशे छत्तीस. निम्मे अडुसष्ट." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "विलास, चालेल?"

दादानं वहिनींकडे पाहिलं. "चालेल."

"बापू?"

मी 'आबा, मी आपलं असंच बोललो' म्हणणार होतो. जिभेवर आलेलं होतं. पण दादा ज्या चपळाईनं 'चालेल' म्हणाला होता, ती मला झोंबली. "चालेल की. न चालायला काय झालं?"

"शैला? हेमा?"

"माझं काही म्हणणं नाही."

"माझंही नाही."

"अजून लिहू नका," आबा हसमुखभाईंना म्हणाले. "दहा मिनिटं थांबा." आणि ते दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. म्हातारा उगाच उन्हात का जातो, असं माझ्या मनात आलं आणि गेलं. आत आम्ही चौघं चार दिशांना टाइल्स बघत राहिलो. दादा तर संगमरवरी तुळशीवृंदावनं बघत होता.

आबा आत आले. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

"लिहा," ते म्हणाले.

घरी येताना आम्ही दोन रिक्षा केल्या. हेमा म्हणाली, "आबांचं खरंच कौतुक. किती शांतपणे मिटवलं." मीही मान डोलावली.

टाइल्स बसवायला हणमंत मिस्त्री आला. चिकोडीकडचा माणूस, जाड भिंगाच्या चष्म्याचा, हात सोन्याचे. त्यानं आधी भिंत पाहिली, मग दोन रंगांचे खोके पाहिले, मग आम्हांला पाहिलं.

"आबा, असलं काम म्या आजवर केलं न्हाई," तो म्हणाला. "भितीत असा उभा सांधा बरा दिसत न्हाई बघा. आन टाइल हाय आठ इंची. अडुसष्टात साडेआठ बसत्यात. मधल्या कापाय लागतील. त्यापरास एका अंगाला नऊ घ्या, एका अंगाला आठ. काम सुबक हुईल."

"नऊ कुणाच्या?" दादानं विचारलं.

"आठ कुणाच्या?" मी विचारलं.

मिस्त्रीनं आबांकडे पाहिलं. आबा खिडकीबाहेर बघत होते.

"मग बुद्धिबळाच्या पटावानी लावूया? एक ही, एक ती. सगळ्या भितीभर."

"म्हणजे माझ्या प्रत्येक टाइलच्या शेजारी..." वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या.

"मी," हेमानं त्यांचं वाक्य पुरं केलं.

मिस्त्रीनं थैलीतून ओळंबा काढला. आबांनी तो त्याच्या हातातून घेतला. स्वतः स्टुलावर चढले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. मी धरायला गेलो तर मला कोपरानं बाजूला सारलं. टेपनं अडुसष्ट इंच मोजून त्यांनी वरपासून ओट्यापर्यंत एक रेघ ओढली. अशी रेघ की छापखान्यात छापून आणावी. मग खाली उतरले, मोरीतून एक फडकं ओलं करून आणलं, पिळलं, आणि रेघेखाली ओट्यावर ठेवलं.

"पेन्सिलीची आहे," ते म्हणाले. "ओल्या फडक्यानं जाते."

दादानं डोळे बारीक केले. "जरा उजवीकडे सरकलीय का?"

दादानं टेप घेतली आणि मोजलं. अडुसष्ट. मग मी, दादानं मोजलं म्हणून, मोजलं. दुसऱ्या बाजूनं. अडुसष्ट.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"हो," आबा म्हणाले. "माझी रेघ चुकत नाही."

फडकं तसंच वाळून गेलं.

चित्राच्या टाइल्स कुठे कुठे यायच्या हे वहिनींनी आधीच ठरवलेलं होतं. हिशेबानं त्यांतली एक बरोबर रेघेवर येत होती. मिस्त्रीनं ती कटरवर ठेवली, आणि आबांनी त्याचं मनगट धरलं.

"कापायची का विचारतोय तो," आबा आम्हांला म्हणाले.

मिस्त्रीनं काहीच विचारलं नव्हतं.

"कापा की," दादा म्हणाला. मी म्हणालो, "मग काय जोडून ठेवायचीय?"

टाइल कापली. किटली वहिनींच्या बाजूला तोटीशिवाय बसली. तोटी कचऱ्यात गेली.

ओट्याची मांडणी आधीच झालेली होती, ती आता आम्हांला नव्यानं दिसली. उजवीकडे गॅस, म्हणजे तो वहिनींच्या कॉफी रंगात. डावीकडे सिंक, म्हणजे तो हेमाच्या पांढऱ्यात. एकीकडे विस्तव, पाणी नाही. एकीकडे पाणी, विस्तव नाही.

पहिले आठ दिवस बरे गेले. लोक बघायला आले. 'काहीतरी वेगळं केलंय,' असं म्हणून गेले. मग वहिनींनी मिरच्यांचा ठेचा केला, त्यावर चरचरीत फोडणी दिली, आणि तेलाचे थेंब रेघ ओलांडून पांढऱ्यावर गेले. वहिनींच्या बाजूलाही उडाले असणार. पण ती बाजू मळखाऊ.

हेमा शाळेतून आली. पर्स खांद्यावरून न काढताच भिंतीपाशी उभी राहिली.

"ताई, हे काय?"

"काय?"

"हे डाग."

"फोडणी आहे. फोडणी उडते. तुमच्या शाळेत शिकवत नाहीत का?"

"मग पुसायची कुणी?"

"घाण दिसली पाहिजे म्हणून पांढरी घेतलीस ना? दिसली की नाही? आता पूस."

"उडवायची तुम्ही आणि पुसायची मी?"

"माझ्या बाजूची मी पुसते की!"

आणि त्या पुसायच्या. रोज, दोन्ही वेळा, सोडा घालून, रेघेपर्यंत. रेघेला फडकं टेकलं की हात मागे. महिन्याभरात पांढऱ्या बाजूच्या कडेला तेलाचा पिवळट पट्टा तयार झाला. उजवीकडून सुरीनं कापल्यासारखा सरळ. हेमाही हट्टी. तिनं तो पट्टा पुसला नाही. आलागेला त्याकडे बघायचा, तेव्हा ती म्हणायची, "ते आमचं नाही. ते पलीकडचं आहे."

मी हेमाला समजावायला पाहिजे होतं. मी काय केलं, तर दादाला दाखवायला पट्ट्याचा फोटो काढला. दादानं फोटो बघितला आणि म्हणाला, "फोटोत तुमचा सिंक पण तुंबलेला दिसतोय."

सिंक तुंबला होता, कारण भांडी दोघींची आणि सिंक एकीचा. "माझ्या बाजूला खरकटं ठेवायचं नाही," असं हेमा एकदा म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी आपल्या बाजूला तोटीचं स्टीलचं पिंप आणून ठेवलं, त्याखाली बादली. आता त्यांना सिंक लागत नव्हता. त्यांना सिंक लागत नाही म्हटल्यावर हेमाला त्यांचा गॅस लागेना. तिनं सिंकच्या शेजारी दोन बर्नरची शेगडी मांडली. सिलिंडर मी स्वतः खांद्यावरून आणला. दादा दारात उभा होता. बाजूलासुद्धा झाला नाही.

मग मिठाच्या बरण्या दोन झाल्या. खलबत्ते दोन झाले. दूधवाला विचारायला लागला, "कुणाच्यात किती?" वेगळं व्हायचं असं आमच्यातलं कुणीही, एकदाही, बोललं नव्हतं. आम्ही फक्त स्वच्छता पाळत होतो.

आबा गप्प होते. आबा मुळात कमी बोलणारे, त्यामुळे गप्प झाले हे आमच्या लक्षात यायला दिवाळी उजाडली. पाहुणे जेवायला आले. आम्ही ती साखळीची बढाई ऐकायच्या तयारीनं बसलो होतो. आबांनी जेवण झाल्यावर फक्त हात धुतले.

डिसेंबरातल्या एका रविवारी ते झालं. आबा आंघोळ करून जेवायला आले, तर टेबलावर त्यांच्यासाठी दोन ताटं. एका ताटात ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. दुसऱ्यात पोळी आणि मटकीची उसळ. दोन्हींत लिंबाची फोड.

आबा खुर्चीमागे उभे राहिले.

"बसा की, आबा," वहिनी म्हणाल्या. "भाकरी गार होतेय."

"पोळीही गारच होतेय," हेमा म्हणाली.

"आबांना दोन्ही वेळा भाकरी लागते."

"दातांनी चावत नाही आता त्यांना. कधी विचारलंत?"

"हेमा!" दादा ओरडला. "आबांचं जेवण पहिल्यापासून शैलाकडे आहे!"

"पहिल्यापासून?" मी उठलोच. "आबांच्या पथ्याचं रोज पहाटे कोण करून ठेवतं? तेव्हा तुमची शैला घोरत असते!"

"माझ्या बायकोबद्दल नीट बोल!"

"तू माझ्या बायकोवर ओरडलास आधी!"

"आबा आमच्यात जेवतील. मी थोरला आहे."

"आबा काय सामाईक विहीर आहेत का, थोरल्याकडे जायला? आबा आमच्यात जेवतील!"

आमच्यात. दोघंही 'आमच्यात' म्हणालो. टेबल एकच होतं, खोली एकच होती, छत तेच होतं, नवं, गिलावा केलेलं.

आबांनी दोन्ही ताटं उचलली. मला वाटलं फेकतात. त्यांनी ती नेऊन ओट्यावर ठेवली, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि वळले. त्यांचा ओरडलेला आवाज मी पन्नाशीला येईपर्यंत ऐकला नव्हता.

"गप्प बसा! एक शब्द नको! चौतीस वर्षांत मी एकही मोजणी पहिल्या दिवशी पुरी केली नाही. कळतंय का? साखळी टाकायचो, झेंड्या रोवायचो आणि सांगायचो, आज ऊन झालं, दगड उद्या लावू. उद्या कशाला? तर जाता येता त्यांना त्या झेंड्या दिसाव्यात म्हणून. आपल्याच शेतातून, दोघांच्या मधून गेलेल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं, तर निम्मे लोक बांधावर येऊन उभे. रावसाहेब, काढा त्या झेंड्या, आम्ही नांदतो. अडाणी माणसं! सही येत नव्हती एकेकाला! अंगठे उठवायची!"

त्यांचा श्वास लागला होता. हेमा पाणी आणायला वळली आणि थबकली. पिंपातलं आणायचं की नळाचं, असा तिला प्रश्न पडला असावा. मला पडला होता.

"तुम्हांला दुकानात विचारलं. एकेकाला नाव घेऊन विचारलं. उन्हात जाऊन उभा राहिलो, म्हटलं माझ्यासमोर लाज वाटत असेल. रेघ पेन्सिलीनं मारली. फडकं ओलं करून दिलं तुमच्या हाताशी. आणखी काय करू? त्या मिस्त्रीचा हात धरला मी! आणि तुम्ही काय केलंत? टेप घेऊन माझी रेघ तपासलीत! दोन्ही बाजूंनी!"

दादा खाली बघत होता. मी म्हणालो, आणि हे म्हटल्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, मी म्हणालो, "मग नको म्हणून सरळ सांगायचं होतं, आबा. ऐकलं असतं आम्ही."

"म्हणून तर नाही सांगितलं. बापानं सांगितलं म्हणून थांबलेले भाऊ मी बघितलेत. बापाचं तेरावं झालं की येतात अर्ज घेऊन." त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. "तुम्ही आपण होऊन थांबायला हवं होतं."

कुणीतरी त्या वेळी ते फडकं उचलायला हवं होतं. म्हणजे कुठलंही. सोड्याच्या पाण्यात बुडवून तो पिवळा पट्टा पुसायला पाच मिनिटं लागली असती. चौघंही उभे होतो, चौघांनाही हात होते. पण आधी कुणी वाकायचं, हे ठरायचं होतं.

आबा जिना चढून गच्चीवरच्या खोलीत गेले.

त्या खोलीत आम्ही जुने पत्रे आणि मोडक्या खुर्च्या ठेवायचो. दोन दिवसांत त्यांनी ती रिकामी केली. कुणाला मदत करू दिली नाही. एका बर्नरची शेगडी आणली, एक कढई, एक तवा. जन्मात ज्या माणसानं स्वतःच्या हातानं चहा केला नव्हता, तो त्र्याहत्तराव्या वर्षी पीठ मळायला लागला. पहिले पंधरा दिवस करपल्याचा वास खाली यायचा. दुपारी बारा वाजता जिन्यावर दोन झाकलेली ताटं जायची. एक दादाच्या हातात, एक माझ्या. जिना अरुंद होता, म्हणून एकजण पायरीवर थांबायचा. दोन्ही ताटं झाकलेलीच परत यायची. महिन्याभरानं आम्ही न्यायचं बंद केलं. आधी दादानं बंद केलं की मी, यावर आमचं अजूनही एकमत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खाली आम्ही पक्की भिंत घातली. हॉलही दोन झाले. मोजायला कुणाला बोलवावं लागलं नाही. रेघ होतीच.

मला अजून राग येतो. आधी दादाचा यायचा. तो आता बराच ओसरलाय. दादालाच आता साखर आहे, बीपी आहे, औषधं तो खरंच दिवसातून तीनदा जेवणानंतर घेतो. मग माझा यायचा. तो आहेच. पण खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त आबांचा येतो. घरच्या माणसांना परीक्षेला बसवायचं, आणि परीक्षा आहे हेच सांगायचं नाही! आम्ही काय त्यांचे मोजणीचे शेतकरी होतो? हा राग मी त्यांच्यापाशी काढणार होतो. एकदा तशा तयारीनं वर गेलोही.

आबा पिठलं करत होते. पाठ माझ्याकडे. पिठल्याच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि ते पळीनं एकेक गुठळी कढईच्या कडेला दाबून फोडत होते, नकाशावर काम केल्यासारखे, घाई न करता. शेगडीमागे नुसता चुना दिलेली भिंत होती. तिच्यावर हळदीचे, तेलाचे, डाळीच्या पिठाचे शिंतोडे उडून वाळले होते. खाली ओघळ आले होते. हेमानं बघितलं असतं तर तिला भोवळ आली असती. वहिनींनाही.

मी पाठ करून आलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "आबा, भिंत फार खराब होतेय. मागं चार टाइल्स तरी लावून घेऊ."

त्यांनी गॅस बारीक केला. मागे वळले नाहीत.

"कुणाच्या?" त्यांनी विचारलं.